मिसर देशांतील मसाले : दरबारचे व घरचे

मिसर देशाचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें उभे राहतात ते पिरॅमिड, पूर्वेकडे तोंड करून बसलेला स्फिंक्स, आणि सोन्याचे मुखवटे चढवून निजलेले फारो राजे. इतिहासाच्या ग्रंथांतही याच वस्तूंस मानाचें स्थान मिळालेलें आहे, आणि तें स्वाभाविक आहे; कारण जें दगडांत कोरलें गेलें तें टिकलें, व जें टिकलें तेंच संशोधकांच्या हातीं लागलें. परंतु त्याच देशांतील साध्या घरांत, स्वयंपाकाच्या जागेजवळील फळीवर, एका बरणींत असा एक पदार्थ ठेविलेला असतो कीं, ज्याच्यासाठीं कोणीही शिलालेख कोरविला नाहीं. राजघराणीं आलीं आणि गेलीं, भाषा बदलली, धर्म बदलला, व्यापाराच्या वाटा बदलल्या. पण ती बरणी रिकामी झाली नाहीं. त्या पदार्थाचें नांव दुक्का.

दुक्का म्हणजे एक प्रकारची कोरडी चटणी. 'दक्क' या अरबी धातूचा अर्थ कुटणें असा आहे. त्यापासून झालेल्या 'दुक्का' या शब्दाचा अर्थ एवढाच कीं 'कुटलेलें'. नांवांत जिन्नसाचा उल्लेख नाहीं, गांवाचा नाहीं, कोणा राजाचा तर नाहींच नाहीं. उल्लेख आहे तो फक्त हाताच्या कामाचा. ज्या पितळी खलांत तो कुटला जातो त्यास मिसरी बोलींत 'होन' म्हणतात. हा शब्द मूळ फारसी 'हावन' या शब्दापासून निघालेला. 'हावनदस्ता' या रूपानें तोच शब्द भारतांतही आला, आणि मराठी घरांतील खलबत्ता हा त्याच वस्तूचा दुसरा अवतार होय.

कृति वरवर पाहतां सोपी आहे. तीळ, धणे, जिरें, मीठ आणि मिरीं हें नेहमींचें साहित्य. कोणी त्यांत भाजलेले हरभरे घालतात, कोणी शेंगदाणे, आणि ऐपत असेल तेथें हेझलनट नांवाचें कवचाचें फळ पडतें. एक रूढ प्रमाण असें आहे : तीळ चार भाग, धणे दोन भाग, जिरें एक भाग व हेझलनट एक भाग; मीठ आणि मिरीं चवीप्रमाणें. यांतील प्रत्येक जिन्नस निराळा भाजावा लागतो. तिळाचा दाणा लहान व तेलकट, तो पाहतां पाहतां तांबूस होतो. धण्याचें कवच जाड, त्यास अधिक वेळ लागतो. आणि जिरें थोडें जास्त भाजलें गेलें कीं कडू होतें. सर्व एकदम तव्यावर टाकलें तर धणे कच्चे राहतील आणि तीळ करपतील. कुटण्याचाही क्रम ठरलेला आहे. धणे व जिरें आधीं कुटावयाचें, तीळ व हेझलनट शेवटीं. आणि तेही नुसते फोडावयाचे, वाटावयाचे नाहींत. हात जरा अधिक चालला तर तेल सुटतें व सगळ्याचा गोळा होतो. दुक्क्याचा जीव त्याच्या कोरडेपणांत आहे. दाण्याचा कण दांताखालीं आला पाहिजे. भाकरीचा तुकडा मोडावा, तो दुक्क्यांत टेंकवावा व तोंडांत टाकावा. घरांत तेल असेल तर तुकडा आधीं तेलांत बुडवावा. मिसरी अरबींत भाकरीस 'ऐश' म्हणतात, आणि या शब्दाचा मूळ अर्थ 'जीवन' असा आहे. ज्या घरीं दुसरें कांहीं नसेल त्या घरीं या 'जीवना'स चव देण्याचें काम दुक्क्याकडे असतें.

या लहानशा बरणीचा इतिहास पाहावयाचा तर तिच्यांतील जिन्नस दोन वर्गांत विभागले पाहिजेत. एक वर्ग नाईल नदीच्या गाळांत पिकणाऱ्यांचा, आणि दुसरा समुद्रापलीकडून येणाऱ्यांचा. मिसरच्या मसाल्यांची सारी कथा या दोन वर्गांच्या संबंधांत सांठविलेली आहे.

पहिल्या वर्गाचा पुरावा फार जुना आहे. इ. स. १९२२ मध्यें हॉवर्ड कार्टर यांनीं तुतनखामेन राजाची कबर शोधून काढली. इ. स. पूर्व १३२३ च्या सुमारास बंद झालेल्या त्या कबरींत सोन्याच्या राशींबरोबर अन्नधान्याच्या टोपल्याही निघाल्या. त्यांत धणे होते, मेथी होती, कलौंजी होती, लसूण होता. परलोकच्या प्रवासास निघालेल्या तरुण राजाच्या शिदोरींत त्याच्या प्रजेच्या स्वयंपाकघरांतील हे जिन्नस ठेवावेत असें त्याच्या माणसांस वाटलें. इ. स. पूर्व १५५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या, एबर्स या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकीय पपायरसांत जिऱ्याचे व धण्याचे औषधी उपयोग दिलेले आहेत. एवढ्यावरून फारो राजे दुक्का खात असत असें म्हणणें हें अर्थातच धाडसाचें होईल. बिया सांपडणें निराळें आणि चटणी सांपडणें निराळें. पण ज्या जिनसांपासून ती चटणी बनते ते जिन्नस तीन सहस्र वर्षांहून अधिक काळ त्या भूमींत रुजलेले आहेत, इतकें निश्चित म्हणतां येतें. तिळाची गोष्ट आणखी मौजेची आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मतें तिळाची लागवड प्रथम भारतीय उपखंडांत झाली. म्हणजे तो मिसरांत पाहुणा म्हणून आला. परंतु नाईलचा गाळ त्यास मानवला, तो तेथें पिकूं लागला, आणि पाहुण्याचा घरचा झाला.

मिऱ्यांस मात्र हें भाग्य लाभलें नाहीं. मिऱ्याचा वेल पावसाच्या प्रदेशांतील; मिसरच्या कोरड्या हवेंत तो वाढत नाहीं. म्हणून मिरीं दरवर्षीं नव्यानें आणावीं लागत, आणि मोजून दाम द्यावे लागत. तरीही तीं आश्चर्य वाटावें इतक्या लवकर तेथें पोहोंचलीं. रामेसीस दुसरा हा राजा इ. स. पूर्व १२१३ मध्यें मरण पावला. त्याचें जतन केलेलें शव इ. स. १९७६ मध्यें पॅरिस येथें तपासणीसाठीं नेण्यांत आलें; तेव्हां त्याच्या नाकांत मिऱ्याचे दाणे भरलेले आढळले. मिरीं दक्षिण भारतांतील पश्चिम किनाऱ्याचीं. तीं कोणत्या हातांतून कोणत्या हातांत जात नाईलच्या कांठीं आलीं असतील याची कल्पनाच करावी. येथें एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. धणे राजाच्या शिदोरींत होते, म्हणजे ते खाण्याची वस्तु होते. मिरीं राजाच्या शवांत होतीं, म्हणजे तीं त्या काळीं विधीची दुर्मिळ वस्तु होतीं.

ग्रीक व रोमन अंमलांत ही दुर्मिळता कमी झाली. मान्सून वाऱ्यांच्या साहाय्यानें तांबड्या समुद्रांतील मिसरी बंदरांतून निघालेलीं गलबतें थेट भारताच्या किनाऱ्यास लागूं लागलीं. इ. स. च्या पहिल्या शतकांत, मिसरांत राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेला 'पेरिप्लस' हा ग्रंथ म्हणजे त्या जलमार्गाची वाटाड्या पोथीच आहे. मिऱ्यांसाठीं मलबारांतील मुझिरिस बंदराचें नांव त्यांत येतें. त्याबरोबरच कल्याण बंदराचें येतें, आणि सिमुल्ला बंदराचेंही येतें. हें सिमुल्ला म्हणजे कोंकणांतील चौल असें बहुतेक विद्वान मानतात. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदराच्या उत्खननांत, पहिल्या शतकांतील देवालयाच्या आवारांत पुरलेला, भारतांत घडविलेला एक रांजण निघाला; त्यांत सुमारें साडेसात किलो काळीं मिरीं जशींच्या तशीं होतीं. रोममध्यें काळ्या मिऱ्यांचा भाव शेरास, म्हणजे तेथील पौंडास, चार दिनार होता असें प्लिनी सांगतो, आणि भारताकडे दरवर्षीं वाहत जाणाऱ्या पैशाबद्दल कुरकुर करतो. या व्यापाराची नाकेबंदी जेथें होत असे तो देश मिसर. तेव्हांपासून पुढें दीड हजार वर्षें समुद्राचा मसाला म्हणजे सरकारी जकात, सावकारी व सत्ता असें समीकरण त्या देशांत बसून गेलें.

अरबी अंमलांत कैरो शहर वसलें आणि मसाल्याच्या व्यापारास नवें तेज चढलें. फातिमी खलीफांच्या काळापासून 'कारिमी' या नांवाचा व्यापाऱ्यांचा एक वर्ग उदयास आला. एडनहून तांबड्या समुद्रामार्गें मिरीं, सुंठ, लवंगा आणून त्यांनीं अपार संपत्ति मिळविली. शहरांत अत्तारांची स्वतंत्र पेठ होती. अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्यें, औषधें व मसाले विकणारा. परंतु याच फातिमी काळांतील एक प्रसंग असा आहे कीं, त्यावरून दरबार आणि चूल यांचें बळ तोलून पाहतां येतें.

अल्-हाकिम हा फातिमी खलीफा इ. स. ९९६ पासून १०२१ पर्यंत गादीवर होता. त्यानें 'मुलूखिया' या भाजीवर बंदी घातली. ज्यूटच्या जातीच्या एका रोपाच्या पाल्याची ही बुळबुळीत, पातळ भाजी मिसरी लोकांस अत्यंत प्रिय. ती उमय्या घराण्याच्या मुआवियास आवडत असे, आणि तें घराणें फातिमींच्या द्वेषाचा विषय; म्हणून ती खाऊं नये, असें त्या बंदीचें कारण मक्रीझी या इतिहासकारानें नमूद केलें आहे. खलीफा गेला, त्याचें घराणें गेलें. मुलूखिया आजही घरोघरीं शिजते. तिला जी फोडणी देतात तिचें नांव तक्लिया. लसूण, धणे व मीठ खलांत ठेंचून तुपांत तांबूस होईपर्यंत परतावयाचें, आणि तें चुरचुरतें तूप उकळत्या भाजींत ओतावयाचें. ओततांना स्वयंपाक करणारीनें मोठ्यानें श्वास आंत ओढून दचकल्यासारखा आवाज करावा, नाहीं तर भाजीस चव येत नाहीं, असा तेथील बायकांचा समज आहे. राजाज्ञेनें जी भाजी बंद पडली नाहीं ती अशा लहानशा चालीरीतींच्या आधारानें टिकली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

इ. स. १२५० नंतर मामलुक सुलतानांचें राज्य आलें, आणि दरबारी पाककला कळसास पोहोंचली. चौदाव्या शतकांत कैरो येथें कोणा अज्ञात ग्रंथकारानें 'कन्झ अल्-फवाइद' या नांवाचा पाकग्रंथ रचिला. इ. स. १९९३ मध्यें तो छापून प्रसिद्ध झाला. त्यांत आठशेंहून अधिक कृति आहेत : सांबारीं, सरबतें, लोणचीं, जेवणापूर्वीं भूक चाळविणारे पदार्थ, आणि जेवणानंतर हात धुण्याचीं सुगंधी चूर्णें सुद्धां. या काळच्या अरबी पाकग्रंथांत 'अत्राफ अत्-तीब' नांवाचा एक तयार मसाला वारंवार येतो. त्याचें साहित्य पाहावें : जटामांसी, विड्याचें पान, तमालपत्र, जायफळ, जायपत्री, वेलदोडा, लवंग, गुलाबकळी, सुंठ, पिंपळी, मिरीं. प्रत्येक जिन्नस वेगळा कुटून मग मिसळावयाचा. यांतील गुलाबकळी व तमालपत्र सोडलें तर बहुतेक सारें साहित्य हिमालय, मलबार आणि त्याही पलीकडील मोलुक्का बेटें येथून आलेलें आहे. तळहातावर मावणाऱ्या त्या चूर्णांत अर्ध्या पृथ्वीचा प्रवास भरलेला असे. तो मसाला उत्तम होता यांत शंका नाहीं. पण एक बंदर बंद पडलें तर त्यांतील एक जिन्नस नाहींसा होई, इतका तो परावलंबी होता.

श्रीमंतांच्या पंक्तीखेरीज घराघरांतही पुष्कळ कांहीं बनत असे. सलाहुद्दीनाच्या पदरीं इब्न जुमै नांवाचा यहुदी वैद्य होता. त्यानें लिंबावर एक स्वतंत्र निबंध लिहिला, व त्यांत लिंबें मिठांत मुरविण्याची कृति दिली. मिसरांत आजही लिंबांस चिरा देऊन त्यांत मीठ, कलौंजी आणि करडईच्या केशरी पाकळ्या भरतात व तीं बरणींत मुरत ठेवितात. मसाला घरीं कुटण्यास आणखी एक व्यावहारिक कारण होतें. बाजारावर देखरेख करणाऱ्या 'मुहतसिब' या अधिकाऱ्यांसाठीं त्या काळीं लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथांत अत्तारांच्या व मसालेवाल्यांच्या भेसळीवर प्रकरणेंच्या प्रकरणें आहेत. अख्खा दाणा डोळ्यांस दिसतो. कुटलेल्या भुकटींत काय मिसळलें आहे तें दिसत नाहीं. जिच्या घरीं पितळी होन आहे तिला बाजारच्या प्रामाणिकपणावर विसंबून राहावें लागत नसे.

दरबाराचा लोभ मात्र वाढत चालला होता. सुलतान बार्सबाय (कारकीर्द १४२२ ते १४३८) यानें मिऱ्यांचा व्यापार सरकारी मक्त्याखालीं आणिला. सुलतान ठरवील त्या भावानें व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनीं मिरीं घ्यावीं असा हुकूम झाला. कारिमी व्यापाऱ्यांची पिढीजात पेढी त्यांत बुडाली. मिऱ्यांचा भाव चढला, तसा तीं दुसऱ्या वाटेनें आणण्याचा मोहही युरोपांत चढला. इ. स. १४९८ च्या मे महिन्यांत वास्को द गामा आफ्रिकेस वळसा घालून कालिकत येथें उतरला, आणि कैरोच्या दरबाराचा श्वास कोंडला. सुलतान कान्सूह अल्-घौरी यानें सुएझ येथें आरमार बांधवून अमीर हुसेन याच्या हाताखालीं भारताकडे रवाना केलें.

या आरमाराची पहिली मोठी लढाई कोठें झाली? ज्या चौल बंदराचें नांव त्या जुन्या ग्रीक पोथींत आलेलें आहे त्याच चौलच्या खाडींत. अहमदनगरच्या निजामशाहीकडे तें बंदर त्या वेळीं होतें. इ. स. १५०८ च्या मार्च महिन्यांत अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ यांच्या एकत्रित आरमारानें तेथें पोर्तुगीजांस गांठलें, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेइदा त्या लढाईंत ठार झाला. कोंकणच्या खाडींत मिसरी शिपाई लढले ते मुख्यतः मिऱ्यांच्या वाटेसाठीं, हें विसरतां कामा नये. परंतु पुत्रशोकानें खवळलेल्या फ्रान्सिस्को द आल्मेइदा यानें दुसऱ्याच वर्षीं, ३ फेब्रुवारी १५०९ रोजीं, दीवसमोर तें आरमार मोडून टाकलें. पुढें इ. स. १५१६ मध्यें सुलतान घौरी तुर्कांशीं लढतांना पडला, व १५१७ मध्यें कैरो तुर्की साम्राज्यांत गेलें.

येथें घाईनें निष्कर्ष काढूं नये. पोर्तुगीज आले आणि मिसरचा मसाला एका दिवसांत संपला, असें घडलें नाहीं. सोळाव्या शतकाच्या मध्यास तांबड्या समुद्रांतून पुन्हां पुष्कळ मिरीं कैरोस येऊं लागलीं. सतराव्या शतकांत डच व इंग्रज कंपन्यांनीं तो ओघ आपल्याकडे वळविला, तेव्हां कैरोचे व्यापारी येमेनच्या कॉफीकडे वळले. व्यापारी जगले, पण मिऱ्यांवर उभें राहिलेलें दरबारी वैभव पुन्हां आलें नाहीं. 'अत्राफ अत्-तीब' सारखे मसाले हळूहळू पोथींतच राहिले. आज ते वाचावयाचे तर हस्तलिखितें उघडावीं लागतात.

मग घरच्या खलांत काय चाललें होतें? याचें उत्तर एका परकी माणसानें लिहून ठेविलेलें आहे. एडवर्ड विल्यम लेन हा इंग्रज गृहस्थ इ. स. १८२५ ते १८२८ व पुन्हां १८३३ ते १८३५ असा मिसरांत राहिला. मिसरी पोषाख करून, मिसरी मोहल्ल्यांत घर घेऊन, त्यानें तेथील लोकांचें नित्याचें जीवन टिपलें. त्याचा ग्रंथ १८३६ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध झाला. त्यांत तो सांगतो कीं, ज्यांस चैनीचे पदार्थ परवडत नाहींत अशा लोकांचें जेवण पुष्कळदां भाकर आणि दुक्का एवढेंच असतें. दुक्क्याचें साहित्यही तो देतो : मीठ व मिरीं, त्यांबरोबर झातर नांवाचा रानटी सुगंधी पाला, किंवा पुदिना, किंवा जिरें, आणि याशिवाय धणे, दालचिनी, तीळ व हरभरे यांपैकीं एक, अनेक, अथवा सर्व.

वाचणारा सहज पुढें जाईल अशी ही नोंद आहे. पण तिच्यांत या पदार्थाच्या दीर्घायुष्याचें रहस्य सांठविलेलें आहे. मिरीं व दालचिनी हे दोनच जिन्नस त्या यादींत समुद्रापलीकडचे आहेत. बाकी सारें घरच्या मातींतलें. त्याहून महत्त्वाचा आहे तो 'किंवा' हा शब्द. दरबारी मसाल्याच्या कृतींत 'किंवा' नाहीं. तेथें जटामांसीच पाहिजे, जायपत्रीच पाहिजे. गरिबाच्या कृतींत प्रत्येक पायरीवर 'किंवा' आहे. जिरें महाग झालें तर पुदिना. तीळ संपले तर हरभरे. आणि कांहींच नसेल तर मीठ व झातर. एक जिन्नस गेला तरी पदार्थ जात नाहीं, कारण त्याचें नांव जिनसावरून पडलेलें नाहीं. तो 'कुटलेला' आहे, इतकें पुरे. सुलतानानें मक्ता बसविला, आरमार बुडालें, राज्य गेलें. दुक्क्याच्या बरणींतील मिऱ्यांची चिमूट तेवढी लहानमोठी झाली असेल.

हीच लवचीकता पुढेंही दिसते. अमेरिका खंडांतून आलेली मिरची मिसरांत रुजली आणि तिची 'शत्ता' नांवाची तिखट चटणी झाली. भुईमूगही त्याच खंडांतील. त्याचे दाणे दुक्क्यांत हरभऱ्याशेजारीं येऊन बसले. तांदूळ, मसूर व शेवया एकत्र करून केलेली 'कुशरी' शहरांतील कामकऱ्यांचें अन्न बनली. तिचें नांव व मूळ भारतीय खिचडींत असावें असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. तिच्यावर घालावयाची लसूण, जिरें, धणे व शिरका यांची पातळ चटणी 'दक्का' म्हणविते. धातु तोच, कुटण्याचा. आणि ज्या होनांत हें सारें कुटलें जातें त्याचा मान स्वयंपाकापुरता राहिलेला नाहीं. मूल जन्मल्यावर सातव्या दिवशीं 'सुबू' नांवाचा समारंभ होतो. मुलास चाळणींत ठेवून हालवितात, घरभर मीठ व धान्य उधळतात, आणि त्याच्या कानाजवळ पितळी होन खणखणा वाजवून आईचें ऐक असा त्यास उपदेश करतात. म्हणजे मिसरी बालकाच्या कानीं समारंभानें पडणारा पहिला आवाज खलबत्त्याचा असतो.

गेल्या शतकांत या बरणीवर निराळाच प्रसंग आला. इ. स. १९५६ च्या सुएझ युद्धानंतर मिसरांतील यहुदी व अनेक परदेशी वंशाचीं कुटुंबें देश सोडून गेलीं. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलीं घरें मागें राहिलीं, दुकानें राहिलीं, स्मशानें राहिलीं. बरोबर नेतां येण्याजोगी वस्तु फार थोडी होती, आणि तींत स्वयंपाकाच्या कृति होत्या. कैरो येथें १९३६ मध्यें जन्मलेल्या क्लॉडिया रोडेन या त्या वेळीं लंडन येथें शिकत होत्या. निर्वासित आप्तेष्ट एकमेकांस भेटत तेव्हां पाककृति मागून घेत, कारण पुन्हां भेट होईल कीं नाहीं याची खात्री नव्हती. पूर्वीं त्या कृति लिहून ठेवण्याची कोणास गरज भासली नव्हती. त्या आईच्या हातांत होत्या. रोडेन यांनीं त्या जमविल्या, आणि १९६८ मध्यें त्यांचा मध्यपूर्वेच्या पाककलेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत दुक्का आहे. चौदाव्या शतकांतील अज्ञात ग्रंथकारानें सुलतानी पंक्तीचें वैभव लिहून ठेविलें, आणि विसाव्या शतकांतील या विदुषीनें घर सुटलेल्या माणसांची आठवण लिहून ठेविली. दोहोंत जो फरक आहे तो लहान नाहीं.

आज दुक्का दूरदूरच्या देशांतील दुकानांत सुबक बाटल्यांतून मिळतो. ऑस्ट्रेलियांतील उपहारगृहांत तो ऑलिव्ह तेलाबरोबर ताटांत येतो, आणि तेथील बदामासारख्या महाग फळांनीं त्याचा थाट वाढलेला असतो. विजेच्या यंत्रानें तो क्षणांत तयार होतो, आणि क्षणांत बिघडतोही. पात्याच्या एका अधिक फेऱ्यानें तिळांचें तेल सुटून त्याचा लगदा होतो. कोठें थांबावें हें यंत्रास कळत नाहीं, हातास कळतें. म्हणून मिसरांतील जुन्या चालीच्या घरांत अजून होन पुसून ठेविलेला असतो.

राज्यांचे इतिहास लिहितांना मिऱ्यांचे भाव, आरमारांच्या लढाया व मक्त्यांचे हुकूम यांची नोंद करावीच लागते; त्यावांचून जगाची घडामोड समजणार नाहीं. पण त्या घडामोडींतून माणसें कशीं तरलीं हें समजावयाचें असेल तर भाकरीशेजारीं काय होतें तें पाहिलें पाहिजे. चौलच्या खाडींत ज्यासाठीं रक्त सांडलें तो मसाला सुलतानाच्या हातून गेला. ज्याच्यासाठीं कोणी कधींही लढलें नाहीं तो मूठभर धण्यांचा, तिळांचा व मिठाचा मसाला ज्या बायकांनीं कुटला त्यांच्या लेकींच्या हातीं राहिला. आणि घर सोडून जावें लागलें तेव्हां तोच त्यांच्याबरोबर निघाला.